सात कुठून आला

तार्तूत जानेवारीत चार वाजताच अंधारतं.
युले राउडसेप दिवा लावते, चष्मा पुसते,
लोकरी मोज्यांतले पाय हीटरला टेकवते
आणि बुएआहून आलेला कोड उघडते.

मुलीचं नाव लिमन्युय. वय वीस.
कुंबो सोडून आईबरोबर बुएआला आलेली.
का, ते तिने लिहिलं नाही.
युलेनेही विचारलं नाही.

तारखा मोजणारा एक छोटा प्रोग्राम,
युलेने एकोणीस वर्षं सांभाळलेला, फुकट.
कुठल्या इस्पितळात, कुठल्या बसच्या वेळापत्रकात
तो आत बसून मोजत असतो, तिला माहीत नाही.
बिघडला तरच लोकांना तिचं नाव सापडतं.

पहिल्या कोडवर तिने एकतीस शेरे लिहिले.
मग चहा ठेवला.
परत येऊन अठ्ठावीस पुसले.
उरलेल्यांतला एक असा:
"नाव दे त्याला. 'क्ष'ला कुणी हाक मारत नाही."

मग नऊ दिवस काहीच नाही.

युलेला आठवला तो शेरा,
ती चौतीस वर्षांची असताना कुणीतरी लिहिलेला:
हे काय म्हातारीने विणायला घेतलंय?
त्यानंतर चार वर्षं
तिने कुणाला एक ओळ दाखवली नव्हती.
तीन शेरेसुद्धा जास्त झाले असतील, तिला वाटलं.

दहाव्या दिवशी उत्तर आलं.
वीज नव्हती, एवढंच.
आणि खाली एक प्रश्न:

"सात हा आकडा त्रेचाळीस ठिकाणी आहे.
कारण कुठेच लिहिलेलं नाही.
आमच्याकडे बाजार फिरून येतो तो आठ दिवसांनी.
आईचे वार आठ आहेत.
हा बग माझ्याकडचा, की तुमच्याकडचा?"

(ज्या भाषेत मी हे लिहितेय
तिथे सात दिवसांच्या गठ्ठ्याला आठवडा म्हणतात.
म्हणायचं आठ, मोजायचे सात.
आजवर मी त्याच्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं.)

युलेने लिहिलं, "सगळ्या जगात..."
आणि पुसलं.
"सोयीसाठी..." पुसलं.
खिडकीबाहेर एमायगी गोठून पडलेली,
तिच्यावरून कुणीतरी कुत्रं घेऊन चाललं होतं.
मग दोन शब्द लिहून पाठवले:
"माझ्याकडचा. शोधूया."

एक सात काढला की दोनशे टेस्ट लाल.
रात्री अकराला लिमन्युयचा आवाज, मागे जनरेटर,
"थांबा, थांबा, हा माझ्यामुळे नाही, हा जुनाच आहे,"
आणि युले हसते, कारण खरंच जुना,
तिच्याच हातचा, घाईतला.

एकदा आई पडद्यात डोकावली.
ही बाई घरात कोट घालून का बसलीय, तिने विचारलं.
मग बोटांवर वार मोजून दाखवले,
एकाशी थांबून म्हणाली, या दिवशी मातीला कुदळ लावायची नाही.
त्याला कोडमध्ये काय म्हणायचं
यावर दोघी तासभर भांडल्या.
सुट्टी नव्हे, लिमन्युय म्हणाली. माती सुट्टी घेत नाही.
तोवर आई भांडी घासायला निघून गेली होती.

नंतर कधीतरी, टेस्ट चालू असताना,
लिमन्युय सहज बोलून गेली:
ज्या बाजारात तीन वर्षं पाऊल टाकता आलं नाही
त्याचा वार आई अजून चुकवत नाही.
सकाळी उठते, म्हणते, आज बाजार.
आणि इथल्याच दुकानातून मीठ आणते.

युले काही बोलली नाही.
पडद्यावर एक ओळ हिरवी झाली. मग दुसरी.

बेचाळीस सात गेले.
त्रेचाळिसावा अजून आहे, फाइलच्या तळाशी.
काढला की सगळंच कोसळतं, का ते दोघींनाही कळलेलं नाही.
त्याच्या डोक्यावर आता लिमन्युयच्या हातची ओळ आहे:
"कारण माहीत नाही. विचारत राहा."

मार्चमधल्या एका गुरुवारी
तार्तूत युलेचा फोन वाजला.
पडद्यावर फक्त: आज बाजार.
तिने कोट चढवला,
नदीकाठच्या मंडईत गेली,
आंबवलेला कोबी घेतला, पाव किलो,
आणि मीठ, घरात भरपूर असताना.